डाव्या हाताची गाठ

करमाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंगद यास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याआधी हे पत्र तुरुंगातले जे साहेब वाचतील त्यांना माझा रामराम. साहेब, माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर म्हणजे मेंढ्यांनी वाटेवर टाकलेल्या लेंड्या. सांभाळून घ्या.

अंगद, तुला आत जाऊन बावीस महिने झाले. सूनबाई प्रांजली दर पंधरा दिवसांनी हर्सूल जेलला तुझ्या भेटीला येते तेव्हा मीही तिच्याबरोबर एसटीनं येतो आणि फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर बसतो. भेटीच्या यादीत तू माझं नाव घालत नाहीस, हे मला माहीत आहे. ती बाहेर आली की मी विचारतो, "काय म्हणला?"

"बराय."

"खोकला?"

"कमी हाय."

"माझं काही?"

मग सूनबाई रस्त्याकडं बघते आणि म्हणते, "चला आबा, गाडी जाईल."

म्हणून पत्र लिहायला घेतलं. भेटीला तू नाही म्हणू शकतोस, पत्र तर येऊन पडतंच.

तुझ्या रागाची दोन कारणं मला ठाऊक आहेत. पहिलं जुनं. २०१६ च्या दिवाळीनंतर माळ्यावरच्या सात घोंगड्या गेल्या आणि मी तुला चोर म्हणालो. दारूला विकल्यास म्हणालो. तू काही बोलला नाहीस. तुझी आई चुलीपुढं होती, तीही बोलली नाही. तू पिशवी भरलीस आणि शेंद्र्याला खोली करून राहिलास.

दुसरं कारण मी घरी आलेल्या पोलिसांना पाजलेला चहा. त्यांनी फोटो पुढं केला. काळी घोंगडी, कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ. कुठं सापडली, कुणाजवळ, काही सांगितलं नाही. "ओळखता का?" एवढंच विचारलं. मी चष्मासुद्धा लावला नाही रे. म्हणालो, "न वळखून कसं चालंल? आमच्या घरची हाय. लोकर आमची, विणतो सणगर, पण काठ आमी घरी शिवतो. आन ही नजरगाठ आमच्या घराशिवाय कोणी बांधत नाय. दुसरं घर दाखवा, मिशी उतरवतो." साहेबांनी लिहून घेतलं, माझी सही घेतली. तिसऱ्या दिवशी तुला उचललं. घोंगडी पूर्वेकडच्या जंगलात बंदूकवाल्यांच्या तळावर सापडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तू ती टेम्पोतून पोचवलीस असं पोलीस म्हणतात, हे मला नंतर कळलं.

स्वतःच्या हातचा माल बघून कुठला धनगर 'माझा नाही' म्हणेल? पण कुठं सापडली हे न विचारायची चूक दुसऱ्या कुणी केली नसती. मी केली.

आता एकच विचार डोक्यात फिरतो. आपल्या माळ्यावरची घोंगडी सहाशे किलोमीटर लांब जंगलात जाते कशी? तिला काय पाय फुटतात? रागावू नकोस, पण मला हे समजून घ्यायचं आहे.

तुझा आबा


६ डिसेंबर २०२४

चि. अंगद यास आशीर्वाद. साहेबांना रामराम.

आपल्या आळीतला सोमनाथ जमादार तुला माहीतच आहे. पोलिसातून निवृत्त झाला. नोकरीची अकरा वर्षं त्याच जंगलात काढली, म्हणून त्यालाच गाठलं. पारावर बसून तंबाखू मळत होता.

"जमादार, त्या जंगलात दुकान असतं का?"

"कशाचं?"

"घोंगडीचं."

"मुंजाबा, तिथं मिठाचं बी दुकान नाय. आठवड्याला बाजार भरतो, तो बी पायी अर्ध्या दिवसाच्या वाटंवर. आमी बंदुकीकडं कुठं बघायचो? बाजारात उभं राहून मिठाकडं बघायचो. घरात चार माणसं आन पोतं भरून मीठ नेतोय, म्हंजी पाहुणे जेवतात."

"आन घोंगडी?"

"मीठ, गोळ्या, बॅटरीचे सेल, चपला, घोंगडी. बंदूकवाला म्हंजी काय वाघ वाटला का तुला, आपलं आपण मारून खाईल? त्यो बैल हाय. त्याला वैरण लागती, पाणी लागतं, नाल ठोकणारा लागतो. एका बंदुकीमागं दहा घरं धर."

"ती सगळी घरं त्यांचीच?"

"कोणी मनानं देतं, कोणी भ्यानं देतं. कोणाची पोरगीच तिकडं गेलेली असती. आन लई जण तर न कळता. डॉक्टर म्हणतो ताप आलाय, गोळ्या देतो. चांभार म्हणतो गिऱ्हाईक आलंय, टाके घालतो."

मला नवलच वाटलं. मग माझ्या तोंडून एक गोष्ट गेली, ती जायला नको होती. म्हणालो, "जमादार, निजामाच्या वक्ताला माझी आई मेंढ्यांच्या मिठाच्या गोणीत भाकरी घालून सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पाला द्यायची. गावच्या मुक्तिसंग्रामाच्या खांबावर तिचं नाव हाय. सतरा सप्टेंबरला तूच तिथं सलामी देतोस."

सोमनाथनं तंबाखू झटकून टाकली. "म्हंजी मी रझाकार का रे?"

"तसं नाय म्हणलं."

"माझा जोडीदार धोंडिबा रस्त्यात पुरलेल्या सुरुंगात गेला. त्याचे बूट सापडले, पाय सापडले नाईत. त्यो सुरुंग पुरणाऱ्याला त्या दिवशी बी कोणी तरी भाकर वाढली असंल. गरम गरम. तुझ्या खांबावर लिहितो का तिचं नाव?"

एवढं बोलून तो उठून गेला. चार दिवस झाले, सोमनाथ पाराकडं फिरकला नाही.

साहेब, ही पारावरची गप आहे, याचा कुठं उपयोग करू नका. जमादार भला माणूस आहे.

आबा


३ जानेवारी २०२५

चि. अंगद यास आशीर्वाद.

मला कोर्टाचा समन्स आला. दहा मार्चला साक्ष. कागद खिशात घालून निघालो. तुझ्या वकिलांकडं, धम्मपाल साहेबांकडं गेलो. म्हणालो, "मी काय बोलू तेवढं लिहून द्या, पाठ करतो."

ते म्हणाले, "बाबा, तुम्ही सरकारी साक्षीदार. मी शिकवलं तर मीच आत जाईन. फक्त खरं बोला. आणि बोलायच्या आधी नीट बघा. मागच्या वेळी तुम्ही चष्मा लावला नव्हता, असं सूनबाई म्हणाल्या."

आरोपपत्रातला फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. मी चष्मा लावला. मग त्यांचं ते गोल भिंग मागून घेतलं. आणि अंगद, मी ते गाठीवर धरलं.

ती गाठ माझी नाही.

घरची आहे, पण माझी नाही. तुझी आई बानाबाई डावखुरी. लग्नानंतर माझ्या आईनं वर्षभर तिचा हात वळवायचा प्रयत्न केला, "नैवेद्य तरी उजव्यानं वाढ" म्हणून ओरडायची. बानाबाई नैवेद्य उजव्यानं वाढायची आणि बाकी सगळं डाव्यानं करायची. तिच्या गाठीचे तीन वेढे डावीकडं वळतात. ती २०१९ च्या थंडीत गेल्यापासून गाठी मी बांधतो, माझे वेढे उजवीकडं. फोटोत वेढे डावीकडं आहेत.

मला लगेच काळजी लागली, की फोटो उलटा छापला असला तर? धम्मपाल साहेबांनी दाखवलं की फोटोत पोलिसांची पाटी आहे आणि तिच्यावरची अक्षरं सरळ आहेत. म्हणजे फोटो सरळ आहे. तरी मला ती घोंगडी हातात घेऊन बघायची आहे. डोळ्यांपेक्षा माझा बोटांवर जास्त भरवसा आहे.

आता तूच जुळवून बघ. टेम्पो तू २०२१ साली घेतलास. आईच्या हातच्या उरलेल्या घोंगड्या मी तिच्या तेराव्याला नातेवाइकांत वाटून टाकल्या. घरात एकही ठेवली नाही, बघवत नव्हती. मग २०२२ मध्ये तू तिच्या गाठीची घोंगडी आणलीस कुठून? नाहीच आणलीस. ती आधीच गेली होती.

मग नेली कोणी?

आबा


१६ जानेवारी २०२५

चि. अंगद यास,

हे पत्र पाठवावं की चुलीत घालावं, दोन दिवस ठरत नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शहरात गुलमंडीच्या बाजारात लाल दोरा आणायला गेलो होतो. तुझ्या आरोपपत्रात एक नाव फरार म्हणून आहे, रत्नमाला. आपल्या घरी यायच्या त्याच त्या बाई. दरवर्षी मेंढ्या कातरायच्या दिवसांत यायच्या, चार दिवस राहायच्या, वसतिगृहाच्या पोरांसाठी मदत गोळा करते म्हणायच्या. तुझ्या आईला सही करायला त्यांनीच शिकवलं. गुलमंडीतल्या एका दुकानातून त्या स्वेटर घ्यायच्या, हे मला आठवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकाला विचारलं.

"टीचर मॅडम? हौ चाचा, हर थंडी में आते थे. बच्चों के वास्ते स्वेटर, मोजे. मैं सवाब का, तुम्हारे पुन का काम समझ के आधे दाम में देता था."

"किती मोठी पोरं होती?"

त्यानं गजपट्टी उचलली, ठेवली. "नाप तो बडे थे चाचा. अडतीस, चालीस." मग हळू म्हणाला, "मैंच नै पूछा. तुम मेरा नाम नक्को लेना."

एसटीत बसलो आणि त्याच्या 'मैंच नै पूछा'वर विचार करत राहिलो. कारण मलाही एक आठवलं.

२०१६ साल. मेंढी पायात धरून मी लोकर कातरत होतो. बानाबाई लोकर गोळा करत होती. एकदम म्हणाली, "अहो, जंगलात थंडी किती पडती?"

मी मेंढीवरची नजर न काढता म्हणालो, "नदीकाठच्या जंगलात लई. साधी घोंगडी नाय पुरायची. दाट विणीची पायजे."

त्या वर्षी तिनं सणगराला सांगून दाट विणीच्या घोंगड्या करून घेतल्या. मी म्हणालो, एवढी लोकर कशाला घालवतीस? म्हणाली, "ज्याला थंडी वाजती त्याला गाव विचारत नसत्यात." मला वाटलं, पोरांसाठी असतील. नाही, तेही खोटं. मला काहीच वाटलं नाही. मी विचारलंच नाही. त्याच सात घोंगड्या दिवाळीनंतर माळ्यावरून गेल्या.

आणि मी तुला चोर म्हणालो.

तू बघितलं होतंस ना, आई त्या बाईंना देताना? बघितलंस आणि गप्प बसलास. आईही गप्प बसली, कारण बोलली असती तर मी त्या बाईंना दारातून हाकललं असतं. तुझ्यावर आळ येऊ दिला तिनं. ही गोष्ट मला तिच्याबद्दल अजून पचत नाही. आणि आता बावीस-चोवीस महिने आत बसून तू तेच करतो आहेस. आईचं नाव येऊ नये म्हणून.

तिला माहीत होतं का, अंगद? कुणासाठी जातात ते? मला तेवढंच सांग.

हे पान साहेब वाचणार. वाचू देत. नाही, थांब. प्रांजलीला विचारून टपालपेटीत टाकतो.

(टाकलं.)


२ फेब्रुवारी २०२५

अंगद,

तुझा निरोप मिळाला. आठ वर्षांनी तू मला काही सांगितलंस आणि सांगितलंस काय, तर "आबाला म्हणावं, आईला मधी आणू नको."

प्रांजलीनं फाटकाबाहेर येऊन सांगितलं. मी म्हणालो, "त्याचं बी खरंय. मेलेल्या बाईला कोर्टात उभं करायचं. गावात लोक काय म्हणतील? खांबावर सासूचं नाव, आन सुनेचं पोलिसाच्या कागदावर."

सूनबाई कधी आवाज चढवत नाही. चहावाल्यासमोर चढवला. "मेलेल्या माणसाला जामीन लागत नाय, आबा. माझ्या माणसाला लागतो. तुमी दोघं बापलेक गप्प बसण्यात पटाईत. माझी पोरगी आता सातवीत हाय, बापाला जाळीतून बघती. तिला काय सांगू, आजीची अब्रू झाकलीय म्हणून?"

चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

म्हणून अंगद, तुझं ऐकणार नाही. आणि हे आता तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्या साहेबांसाठी आहे. साहेब, आजवर मी तुमच्यापासून जपून लिहीत होतो. हे पान मात्र नीट वाचा, हवं तर ठेवून घ्या. ती घोंगडी माझी बायको बानाबाई हिच्या हातची आहे. माझ्या पोरानं ती नेली नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी अर्धंच सांगितलं, कारण मी अर्धंच बघितलं होतं.

मुंजाबा, राहणार करमाड


१२ मार्च २०२५

चि. अंगद यास अनेक आशीर्वाद.

परवा तू समोरच होतास, तरी लिहितो. तू खाली बघत होतास, म्हणून तुला सगळं दिसलं नसेल.

सोमनाथ माझ्याबरोबर आला होता. सकाळी दारात येऊन उभा राहिला, अंगात इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "एकटा जाशील आन चुकीच्या कोर्टात साक्ष देऊन येशील."

सरकारी वकिलांनी विचारलं, "ही गाठ तुमच्याच घरची ना?"

"व्हय."

"बस, एवढंच."

मी म्हणालो, "एवढंच नाय साहेब. जरा हातात द्या."

न्यायाधीश बाईंनी मान हलवली. कारकुनानं पिशवीचं सील काढलं. घोंगडी माझ्या हातात आली आणि अंगद, तिला धुराचा वास होता. मी डोळे मिटून गाठीवरून बोट फिरवलं. तीन वेढे, डावीकडं. मग मी खिशातून लाल दोरा काढला आणि त्यांच्यासमोर माझी गाठ बांधून दाखवली. उजवीकडं. तिच्या हाताची बांधायला गेलो तर जमेना. न्यायाधीश बाई पुढं वाकून बघत होत्या. मी सगळं सांगितलं. तेराव्याला सगळ्या घोंगड्या वाटल्या, तिच्या हातची घरात एकही उरली नाही, तेही शपथेवर सांगितलं.

सरकारी वकील म्हणाले, "तुमच्या पत्नीला माहीत होतं का, घोंगड्या कुणासाठी जातात?"

तेव्हा तू मान वर केलीस. मी बघितलं.

"मला माहीत नाय साहेब. ती असती तर मी बी तेच विचारलं असतं. पण तिनं मला विचारलं होतं, जंगलात थंडी किती. आन उत्तर मी दिलं होतं. कोणाला, कशाला, हे मी विचारलं नाय. तिचं नाव लिहीत असाल तर शेजारी माझं बी लिवा."

बाईंनी ते लिहायला सांगितलं.

घोंगडी परत देताना मला एक दिसलं. मधोमध जरा जळल्यासारखं भोक होतं आणि ते कुणी तरी हिरव्या दोऱ्यानं रफू केलं होतं. बारीक टाके, शाळेत शिवण शिकलेल्या पोरीचे असतात तसे. कोण असेल ती? आहे का अजून? ही घोंगडी तिच्या अंगावरून काढली की तिच्याशिवायच सापडली? आणि तिचा हात सुरुंगाला लागला होता की नुसता सुईला? कोर्टात विचारायचं धाडस झालं नाही. बाहेर आल्यावर सोमनाथला सांगितलं. त्यानं हातातली बिडी परत बंडलात घातली. म्हणाला, "मला बी नको विचारू."

एक मात्र विचारलं. न्यायाधीश बाईंना म्हणालो, "मुद्देमाल वर्षानुवर्षं पडून राहतो. लोकरीला कसर लागती. आत कडुनिंबाचा पाला घालू का?" लोक हसले. बाई हसल्या नाहीत, घाला म्हणाल्या. मी पाला पिशवीत घेऊनच गेलो होतो.

तुला नेताना तू माझ्या जवळून गेलास. शिपाई घाई करत होता. तू म्हणालास, "आबा, सात नव्हत्या. आठ होत्या."

घरी येईपर्यंत मला अर्थ लागला नाही. प्रांजली दुसऱ्या दिवशी शेंद्र्याच्या खोलीवर गेली आणि पेटीतून आठवी घोंगडी काढून घेऊन आली. दाट विणीची, काळी. कोपऱ्याला लाल गाठ, वेढे डावीकडं. तू घर सोडून निघालास तेव्हा तिनं ती तुझ्या पिशवीत कोंबली होती, असं प्रांजली म्हणाली. मी तुला चोर म्हणत होतो आणि ती चुलीपुढून उठून, पाठमोरी होऊन तुझ्या पिशवीत घोंगडी घालत होती.

कालपासून मी ती मांडीवर घेऊन बसलोय. आनंद आणि भीती एकदमच. कारण साहेब, मी शपथेवर सांगितलं की तिच्या हातची एकही उरली नाही. एक आहे. मी खोटं बोललो नाही, मला माहीत नव्हतं. धम्मपाल साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "बाबा, घाबरू नका, मी सोमवारी स्वतःच कोर्टाला सांगतो. एकाच खेपेची वीण निघाली तर जंगलातलीही २०१६ चीच ठरेल, म्हणजे ती आपल्याच बाजूनं बोलेल." म्हणजे हिलाही पिशवीत घालून सील लावतील. पाला आणून ठेवला आहे, पण सोमवारपर्यंत ती माझ्याजवळच राहू द्या.

जामिनाचं काय होतं ते पुढच्या महिन्यात कळेल. प्रांजली म्हणाली, तू भेटीच्या यादीत माझं नाव घातलंस. पुढच्या गुरुवारी येतो. वीस मिनिटं देतात म्हणे. इतकं विचारायचं साठलं आहे की पाटीवर लिहून आणावं वाटतं. पण आईला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर तू सांगशील, आणि ऐकायला साहेब असतीलच.

पहिल्यांदा तू खोकून दाखव. प्रांजली कमी आहे म्हणते, ते मला खरं वाटत नाही.

तुझा आबा